उशिरा पडलेला ठोका

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसास जगातील कोणतीही गोष्ट मंजूर रकमेच्या भाषेत कळते, असा आमचा अनुभव आहे. पाऊस पडला तर आम्ही मनातल्या मनात मागील वर्षाच्या याच तिमाहीशी त्याची तुलना करतो. घरातील साखर संपली तर ती कोणत्या शीर्षाखाली खर्ची पडली याचा तपास करतो. ही खोड चांगली नव्हे असे आमच्या मंडळींचे मत आहे, आणि ते आम्ही आजवर अमान्य केलेले नाही. परंतु गेल्या भाद्रपदात याच खोडीने आम्हांस एका अत्यंत बिनसरकारी अडचणीतून सोडविले. ती अडचण रॉक संगीतातील होती.

उच्च श्रेणी लिपिकाने रॉक संगीताच्या वाटेस जावे, हे ऐकून काही वाचकांच्या भुवया वर जातील. त्यांनी त्या क्षणभर खाली घ्याव्यात. नागपुरास कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एक बँड काढला होता. एक गात असे, एक बेस गिटार वाजवी, एक ड्रमवर बसे आणि उरलेली गिटार आमच्या गळ्यात पडली. स्नेहसंमेलनाच्या दोन रात्री आम्ही गाजविल्या. पुढे पदव्या आल्या, परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग बदल्या आल्या. आम्ही रायपुरास आलो. नागपूर येथून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर. पण गिटारीची तार तुटल्यावर नवी आणावयास पाच वर्षे लागावीत, इतके ते आम्हांस दूर झाले.

अशा स्थितीत एके दिवशी ड्रमवाल्या मित्राचा फोन आला. नव्या बिऱ्हाडात खोल्या दोनच होत्या, आणि मुलीच्या अभ्यासाचे टेबल व ड्रमचा संच यांपैकी एकासच तेथे जागा होती. संच विकावयाचा ठरला होता. रविवारी सकाळी घेणारा येणार होता. "शनिवारी या. आपलं ते गाणं एकदा नीट रेकॉर्ड करू अन् मग देऊन टाकू," एवढेच तो म्हणाला. आम्ही रजेचा अर्ज टाकला आणि गाडीत बसलो.

एका स्नेह्याच्या रिकाम्या गोदामात त्या संध्याकाळी आम्ही ते गाणे ध्वनिमुद्रित केले. ड्रमपुढे मागून आणलेले आठ मायक्रोफोन लावले होते. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला एक, स्नेअरला एक, तिन्ही टॉमना एकेक आणि झांजांच्या वर उंच टांगलेले दोन. आठवा कोठे लावावा हे कोणासच कळेना, तेव्हा बेसवाल्याने तो वीस फुटांवर, गोदामाच्या दाराशी एका खिळ्याला अडकवून दिला. "असू दे, कामी येईल," असे तो म्हणाला. सरकारी दप्तरातील निम्मे कागद याच न्यायाने जपलेले असतात.

दुसऱ्या दिवशी ड्रम गेले. ध्वनिमुद्रण मात्र संगणकात भरून आम्ही रायपुरास आणले, कारण मिक्सिंगचे काम आमच्याकडे आले होते. चौघांत संगणकाशी रोजचा संबंध आमचाच, एवढीच आमची पात्रता. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळ्या मायक्रोफोनांनी टिपलेले आवाज एकमेकांशी जुळवून, प्रत्येकास योग्य जागा देऊन, त्यांचे एक गाणे करणे. तात्यापाऱ्यातील आमच्या भाड्याच्या खोलीत, घर निजल्यावर, कानांना हेडफोन लावून आम्ही या उद्योगास बसू लागलो. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत या छत्तीसगडात उतरले. तेव्हापासून या मुलखात मराठी माणसाने पुष्कळ हिशेब केले असतील, पण त्या मुहल्ल्यात ड्रमचा हिशेब करणारे पहिले बहुधा आम्हीच.

सारे गाणे जमत होते. अडले ते एका ठिकाणी. शेवटचे ध्रुवपद सुरू होण्यापूर्वी ड्रमवादक एक आवर्तनभर नेहमीचा ठेका सोडून सर्व ड्रमांवरून सोळा ठोक्यांची एक झड घेतो. इंग्रजीत तिला फिल म्हणतात. आपल्याकडे तबलजी ठेका चालू असता मध्येच एखादा मुखडा अथवा मोहरा वाजवून समेवर येतो, त्याच जातीची ही वस्तू. (ड्रम आपल्या कानास अगदीच परके आहेत असे नव्हे. बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तबला आणि ड्रम एकाच बैठकीत नांदविले आणि जगभर ऐकविले.) मोहऱ्याचे सारे सार्थक समेवर असते. फिलचेही तसेच. ती ऐकताना श्रोत्याच्या छातीत काहीतरी वर उचलले गेले पाहिजे आणि ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्यावर ते दाणकन खाली आले पाहिजे. गोदामात ते तसे झाले होते. आमच्या पायाखालची फरशी हलली होती. हेडफोनात मात्र कोणीतरी शेजारच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचीत असावे, असा आवाज येत होता.

अशा वेळी सामान्य माणूस जे करील तेच आम्ही केले: आवाज वाढविला. टॉम सहा डेसिबलने वर नेले. आश्चर्य असे की फिल मोठी न होता सारे गाणेच त्या जागी दबल्यासारखे झाले. कारण पुढे कळले. संगणकातील ध्वनीस शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. तिच्यावर जागा नाही. मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून गाण्याच्या अखेरच्या टोकास लिमिटर नावाचा पहारेकरी बसविलेला असतो. जो आवाज वर जाऊ पाहील त्यास तो तत्क्षणी दाबतो, आणि एकास दाबताना बरोबरच्या सर्वांनाच खाली बसवितो. आम्ही जितका जोर लावावा तितका पहारेकऱ्याचा दंडुका जोरात पडे.

तेव्हा आम्ही दुसरा मार्ग धरला, आणि तोच आमचा अपराध. बाजारात अशी साधने मिळतात की ती ड्रमचा प्रत्येक ठोका ओळखतात आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणा उंची ड्रमचा, मोठ्या स्टुडिओत आधीच टिपलेला ठोका बसवितात. आम्ही तसे केले. सोळाही ठोके एकसारखे, भरदार, घडीव निघाले. तेवढ्यावर न थांबता आम्ही त्यांना एका ओळीत, अगदी मात्रेच्या रेषेवर आणून उभे केले. हजेरीपट चोख झाला. मध्यरात्री एकट्यानेच आम्ही टाळी वाजविली आणि गाणे नागपुरास पाठवून दिले.

गायकाचे उत्तर आले, "वा!" बेसवाल्याचे आले, "झकास!" ड्रमवाल्याने दोन दिवसांनी फोन केला. आधी आमच्या मुलांची चौकशी केली, रायपूरच्या उकाड्याची केली. मग म्हणाला, "हे शेवटी कोण वाजवून राहिलं बे?"

आम्ही हसण्यावारी नेऊ लागलो. तो हसला नाही. "चांगलं आहे," तो म्हणाला. "पण मी नाही तो. चौथा ठोका वेळेवर पडते त्याचा." आणि फोन ठेवला.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. फिलचे शेवटचे चार ठोके सर्वांत खर्जाच्या, जमिनीवर उभ्या असलेल्या टॉमवर पडतात: उजवा, डावा, उजवा, डावा. आमच्या मित्राचा डावा हात तेथे पोचेतो थकतो, म्हणून चौथा ठोका केसभर उशिरा आणि किंचित हलका पडतो. त्या हाताचे मनगट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मोडले होते. तालमीहून परतताना तो स्कूटरवर डबलसीट बसला होता. स्कूटर आम्ही चालवीत होतो. त्याने त्याबद्दल आम्हांस कधी एक शब्द ऐकविला नाही. सहा महिन्यांनी तो पुन्हा ड्रमवर बसला तेव्हा तो उशिरा येणारा ठोका प्रथम ऐकू आला; आणि पुढे आम्हां तिघांना त्याची इतकी सवय झाली की ध्रुवपदावर आम्ही त्याची वाट पाहून उतरू लागलो. आता त्याचे ड्रम दुसऱ्याच्या घरी होते. पुन्हा वाजवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. जगात त्याचा हात उरला होता तो त्या ध्वनिमुद्रणात, आणि तेथूनही आम्ही तो पुसून टाकला होता. एकाच माणसाचा एकच हात दोनदा मोडावयाचा, हे कृत्य आमच्या खाती जमा झाले.

पुढील पंधरवडा आम्ही संगणक उघडला नाही. मग अनंत चतुर्दशी झाली आणि झाँक्यांची रात्र आली. गणेश विसर्जनाच्या त्या झाँक्या पाहणे हा रायपुरातील वार्षिक परिपाठ आहे. शहरातून एकामागून एक देखाव्यांच्या गाड्या रात्रभर चालतात आणि मूर्ती खारुन नदीवर महादेवघाटाकडे जातात. मुलांना खांद्यावर घेऊन आम्ही शारदा चौकात उभे होतो. झाँकीपुढे धुमाल असते. पुण्याच्या ढोल-ताशा पथकाची सवय असलेल्या मराठी माणसास धुमाल प्रथम गोंधळात टाकते. गाडीवर रचलेले प्रचंड लाउडस्पीकर, सुरावट वाजविणारा कीबोर्ड आणि भोवती ढोल, ताशे, ड्रम व झांजा घेतलेले वादक. कान बधिर होतात आणि थोड्या वेळाने, खरे सांगावयाचे तर, त्या आवाजाचा परिणामच नाहीसा होतो. सगळेच मोठे असले म्हणजे मोठे असे काही उरत नाही.

अशा एका धुमालच्या पुढे चालणाऱ्या वादकाने एकाएकी हात वर केला. कीबोर्ड थांबला, झांजा थांबल्या, ताशे थांबले. गर्दीही क्षणभर स्तब्ध झाली. त्या पोकळीत एकाच ढोलावर चार ठोके पडले. तो ढोल आतापर्यंतही तितक्याच जोराने वाजत असला पाहिजे. पण ते चार ठोके आमच्या पोटात उतरले, आणि पाचव्यावर जेव्हा सारा ताफा पुन्हा कोसळला तेव्हा खांद्यावरील चिरंजीवांनी आमचे केस गच्च धरले. त्या ढोलास कोणी एका डेसिबलचीही वाढ दिली नव्हती. इतरांनी फक्त वाट सोडली होती.

चौकातून घरी येईतो आमच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, आणि तो संगीतातील नव्हता. तो होता पुनर्विनियोजन. वाचकांपैकी ज्यांनी मार्चअखेरीच्या रात्री जागविल्या आहेत त्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको. एकूण अनुदान वाढत नाही, पूरक मागणीची वेळ टळून गेलेली असते. तरीही एखाद्या शीर्षास रक्कम हवी असल्यास ती दुसऱ्या शीर्षाखालील बचतीतून वळती करावी लागते. शून्य डेसिबल हे एकूण अनुदान. फिलला बळ द्यावयाचे तर ते गिटारीकडून, बेसकडून, झांजांकडून काढून दिले पाहिजे. एवढे साधे कलम आमच्यासारख्या लिपिकास महिनाभर सुचू नये, याची आम्हांस लाज वाटली.

त्या रात्री आम्ही बसविलेले परके ठोके सर्व काढून टाकले. मित्राचे सोळा ठोके, त्यांच्या चुकीच्या वेळांसह, जागच्या जागी परत आणले. मग एकेका शीर्षाचा झाडा घेतला. पहिली कात्री अर्थातच आमच्या स्वतःच्या गिटारीवर चालली. टॉमचा खर्ज सेकंदास ऐंशी ते दोनशे कंपनांच्या आसपास असतो, आणि नेमका तोच प्रदेश आमच्या गिटारीचा घुमारा व बेस यांनी अडवून ठेवला होता. फिलपुरती गिटार दोन डेसिबलने खाली घेतली आणि तिचा खालचा घुमारा छाटला. बेसचा लांबणारा स्वर शेवटच्या अर्ध्या मात्रेत थांबविला. गायकाच्या आवाजामागे रेंगाळणारा प्रतिध्वनी फिल सुरू होताच बंद केला. तिच्या आधीच्या चार ओळी एका डेसिबलने उतरविल्या, कारण कान आवाज मोजतो तो मागच्या क्षणाशी ताडून. टॉमच्या आवाजातील चारशे कंपनांच्या आसपासचा पुठ्ठ्यासारखा भाग कमी केला. चार हजारांपाशी काठीचा दंश असतो, तो थोडा वाढविला. एवढे झाल्यावर टॉम स्वतः फक्त एका डेसिबलने वर नेले. पहारेकऱ्याने दंडुका उचललाही नाही.

आणखी दोन दोष सापडले. पहिला कॉम्प्रेसरचा. मोठ्या आवाजास चाप लावून लहानास वर आणणारे हे यंत्र आम्ही असे लावले होते की ते ठोका पडताक्षणी त्याचा गळा धरीत होते. त्यास तीस सहस्रांश सेकंद थांबावयास सांगितले, तेव्हा ठोक्याचे तोंड आधी बाहेर पडू लागले आणि चाप मागाहून बसू लागला. उशिरा येणाऱ्यास थोडी सवलत दिल्याने काम बिघडत नाही, उलट सुधारते, हे कचेरीत सिद्ध करणे कठीण; येथे सिद्ध झाले. दुसरा दोष सूक्ष्म होता. मोठ्या टॉमचा आवाज जवळच्या मायक्रोफोनात आधी आणि साडेपाच फूट उंच टांगलेल्यात सुमारे पाच सहस्रांश सेकंदांनी पोचत होता. सेकंदास शंभर कंपने करणाऱ्या स्वराच्या दृष्टीने पाच सहस्रांश म्हणजे बरोबर अर्धी लाट. एकीकडे लाट वर तेव्हा दुसरीकडे खाली; दोघांनी मिळून खर्जच खाऊन टाकला होता. टॉमच्या मायक्रोफोनाची बाजू एका कळीने उलटी केली, आणि हरवलेला खर्ज परत आला. दोन प्रामाणिक साक्षीदारांच्या जबान्या परस्परांस खोडून काढतात, त्यातला हा प्रकार.

शेवटी दाराशी खिळ्याला अडकविलेला तो आठवा मायक्रोफोन उघडला. त्यात गोदाम होते. प्रत्येक ठोक्यामागे पत्र्याचे छप्पर आणि रिकाम्या भिंती दुमदुमत होत्या. लेड झेपेलिनच्या १९७१ सालच्या एका गाण्यात जॉन बोनहॅमचे ड्रम असेच प्रचंड ऐकू येतात. ते इंग्लंडातील हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात मांडले होते आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोन ड्रमजवळ न ठेवता जिन्यावर उंच टांगले होते. मोठेपणा ड्रमचा तितकाच त्या जिन्याचाही होता. आमच्या वाट्यास जिना नव्हता, गोदाम होते. त्या मायक्रोफोनाचा आवाज केवळ फिलच्या एका आवर्तनापुरता वर उचलला आणि ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्यास पुन्हा मिटविला. एकदम भिंती दूर सरकल्यासारखे झाले आणि मग आम्ही चौघे पुन्हा जवळ आलो.

फिल कॉलिन्स यांचे १९८१ सालचे "इन द एअर टुनाइट" हे गाणे पुष्कळांनी ऐकले असेल. ड्रमच्या त्यातील झडीइतकी प्रसिद्ध झड रॉक संगीतात क्वचितच असेल. पण ती येण्यापूर्वी तीन मिनिटांहून अधिक काळ त्या गाण्यात एक यंत्र बारीक ठेका धरून बसलेले असते. माणसाचा हात ड्रमवर पडतच नाही. ऐकणारा ज्यास सामर्थ्य म्हणतो त्यातील बराचसा भाग या तीन मिनिटांच्या संयमाचा आहे. हे आम्ही पूर्वीही वाचले होते. पण वाचलेले आणि शारदा चौकात पोटात उतरलेले यांत अंतर पडते.

नवे मिक्सिंग आम्ही पाठविले नाही. स्वतः घेऊन गेलो. दिवाळीच्या सुट्टीत नागपुरास त्याच्या दोन खोल्यांत बसलो. जेथे ड्रम मांडले असते तेथे टेबल होते आणि त्यावर कन्या भूगोलाचा नकाशा रंगवीत होती. मित्राने हेडफोन लावले. आम्ही त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहत होतो. गाणे शेवटच्या ध्रुवपदापाशी आले असावे, कारण दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर वाजू लागले. उजवा, डावा, उजवा. डावा केसभर उशिरा पडला.

हेडफोन काढून तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गिटार कमी केली बे तू."

"दोन डेसिबल," आम्ही म्हणालो.

"अन् चौथा तसाच ठेवला."

"तसाच ठेवला."

त्याने मुलीस हाक मारली, "इकडे ये, तुझ्या बाबाचा हात ऐक," आणि हेडफोन तिच्या कानांना लावला. ती डोके हलवू लागली. मित्र डावे मनगट उजव्या हातात धरून चोळीत बसला, आणि आम्ही चहा मागितला.